‘काय’ची ‘गाय’ करणारा बिट

मधेच अडकणारा कॉम्प्युटर हा त्यातल्या त्यात बरा कॉम्प्युटर. माउस जागच्या जागी थिजतो, गाण्याचा एकच तुकडा घरघरत राहतो, कॅप्स लॉक दाबून बघितलं तरी दिवा ढिम्म हलत नाही. शेवटी पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं आणि सेव्ह न केलेल्या कामावर पाणी सोडायचं. त्रास होतो, पण निदान आपल्यात काहीतरी बिघडलंय हे मशीनने सांगितलेलं तरी असतं. याच दोषाचं दुसरं रूप काहीच सांगत नाही. फाइल उघडते, सेव्ह होते, तिचा बॅकअपही घेतला जातो आणि आत कुठेतरी एका आकड्याचा दुसराच आकडा झालेला असतो. हँग होणाऱ्या असेंबल्ड कॉम्प्युटरांबद्दल लिहायला बसलो, तेव्हा जसजसं खोलात गेलो तसतशी मला अडकणाऱ्यांपेक्षा न अडकणाऱ्यांचीच काळजी जास्त वाटू लागली.

छत्रपती संभाजीनगरात असेंबल्ड मशीनवर पोट असणारी माणसं पुष्कळ आहेत. औरंगपुऱ्यातले, गुलमंडीतले डीटीपी करणारे. लग्नाचे अल्बम डिझाइन करणारे. वाळूज, चिकलठाण्याच्या छोट्या टूलरूमला डायची ड्रॉइंग काढून देणारे. जीएसटीचे रिटर्न भरणारे. आणि पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरच्यांकडे हट्ट धरून गेमिंग पीसी जोडणारी अभियांत्रिकीची पोरं. प्रोसेसर एका दुकानातून, बोर्ड दुसऱ्याकडून, रॅम ऑनलाइन सेलमध्ये, ग्राफिक कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणी ओळखीच्याने आणलेलं. पैसे वाचतात, हवं तसं मशीन मिळतं. पण ते अडकायला लागलं की जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उभा राहतो. रॅमवाला बोर्डाकडे बोट दाखवतो, बोर्डवाला एसएमपीएसकडे, म्हणजे पॉवर सप्लायकडे, आणि सगळे मिळून विंडोजकडे.

म्हणून तक्रार काउंटरवर गेली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘फॉरमॅट मारून बघू.’ या वाक्याने जितकी माणसं फसली तितकी व्हायरसनेही फसली नसतील. गंमत म्हणजे फॉरमॅट मारल्यावर मशीन खरोखरच दोन-चार दिवस सुरळीत चालतं. त्याला कारण आहे. रॅममधला एखादा कप्पा खराब असेल, तर मशीन अडकणार की नाही हे त्या कप्प्यात त्या घडीला काय येऊन बसलंय यावर ठरतं. विंडोजचा गाभा येऊन बसला तर ब्लू स्क्रीन येते, एखाद्या फोटोचा रंग येऊन बसला तर कुणाला कळतही नाही. नवं विंडोज टाकलं की सगळी मांडणी बदलते आणि खराब कप्पा काही दिवस बिनमहत्त्वाच्या गोष्टींच्या वाट्याला जातो. दुकानदाराला वाटतं काम झालं, गिऱ्हाइकाला वाटतं पैसे वसूल झाले. शिवाय जे नवं विंडोज टाकलं, ते डिस्कवर उतरलं त्याच खराब रॅममधून. म्हणजे त्याच्या फाइलींत जन्मापासूनच खोट असू शकते. मग महिनाभराने रॅम बदलली तरी मशीन अडकतच राहतं आणि ‘बघा, रॅमचा प्रॉब्लेम नव्हताच’ असा निकाल लागतो.

रॅम म्हणजे नेमकं काय, ते एकदा नीट बघायला हवं. आठ जीबीच्या एका स्टिकवर सुमारे ६,८७२ कोटी कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट १९६८चं, आणि १९७०मध्ये इंटेलने तिच्या जवळच्या रचनेची १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली. यातला कपॅसिटर गळक्या रांजणासारखा असतो: भरला की लगेच झिरपायला लागतो. म्हणून मशीन चालू असेपर्यंत मेमरीचा प्रत्येक कप्पा दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, वाचून पुन्हा भरावा लागतो. वाचलं की कप्पा रिकामा होतो, म्हणून वाचतानाही पुन्हा लिहावंच लागतं. चिप ८५ अंशांच्या वर तापली तर झिरपणं वाढतं आणि हीच फेरी दुप्पट वेगाने करावी लागते. आपण चहा प्यायला उठलो, पडद्यावर एकच चित्र स्थिर आहे, तरी आत ही अखंड धावपळ चालू असते. कोट्यवधी कप्प्यांतल्या एकाच्या भिंती बनवताना किंचित पातळ झाल्या असतील, तर तो पुढच्या फेरीआधीच रिकामा होतो. कधी होतो, कधी होत नाही. ऊन वाढलं की जास्त होतो. ‘कधीतरीच अडकतं’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

महाराष्ट्रात जुळवलेला पहिला मोठा कॉम्प्युटर या बाबतीत आजच्या मशीनपेक्षा वेगळा होता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने तो सुटे भाग जोडून उभा केला. १९६०मध्ये तो कामाला लागला आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी मेमरी. एकूण बिट झाले ८१,९२०. आज हातात धरलेली आठ जीबीची स्टिक त्याच्या साधारण ८ लाख ३९ हजार पट आहे. पण टिफ्रॅकची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडं एका दिशेने चुंबकित केलं की वीज गेली तरी तसंच राहायचं. वाचताना मात्र तिथेही पुसलं जायचं आणि पुन्हा लिहावं लागायचं. नळ्या जळायच्या आणि मग जळालेली नळी शोधून बदलावी लागायची. कुठला भाग बिघडला याचा पत्ता लावणं हाच तेव्हा कॉम्प्युटर चालवण्याचा निम्मा भाग होता. ती शिस्त आपण मध्येच कुठेतरी सोडून दिली.

ती शिस्त अजून पाळणारं एक दुकान मी उस्मानपुऱ्यात पाहिलं. दहा बाय बाराचा गाळा, भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर कॅबिनेटच्या बाहेर उघडे मांडलेले दोन बोर्ड. मालकांना सगळे काका म्हणतात. मी बसलो होतो तेव्हा सिडकोतला एक अल्बम डिझाइनर आपलं मशीन घेऊन आला. रायझन ५ ५६००, बी ४५० बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर ४ स्टिक. लग्नसराईच्या तोंडावर फोटोशॉपला मेमरी कमी पडायला लागली म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीच्या आणखी दोन घेतल्या, चारही स्लॉट भरले आणि तेव्हापासून मशीन अडकू लागलं.

‘तीनदा फॉरमॅट मारलं हो काका. दुकानवाला म्हणतो आता एसएसडी बदला.’

‘अडकल्यावर पुन्हा आपोआप चालू होतं का? अर्ध्या-एक मिनिटाने?’

‘नाही. बंदच करावं लागतं.’

‘मग एसएसडी नंतर बघू. ब्लू स्क्रीन येते? दरवेळी तेच नाव असतं का वेगळं?’

वेगळं असायचं. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी आणखी काही. काकांनी मान हलवली. त्यांचे आडाखे वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेले आहेत. मशीन अडकून थोड्या वेळाने स्वतःहून सुटत असेल तर डिस्क बघायची. न अडकता थेट रीस्टार्ट होत असेल तर एसएमपीएस किंवा तापमान. दरवेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर तो ड्रायव्हर. आणि दरवेळी नवं नाव येत असेल, आज ब्राउझर पडला, उद्या फोटोशॉप, परवा झिप फाइल उघडेना, तर रॅम. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते आणि ती वाचून बरेच जण पॉवर सप्लाय बदलायला धावतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं. बटण दाबून धरलं तरी तीच पडते.

काकांनी पेन ड्राइव्ह लावला आणि मेमटेस्ट८६+ सुरू केलं. क्रिस ब्रॅडी यांनी १९९४मध्ये लिहिलेल्या मेमटेस्ट८६वरून सॅम्युएल डेमेल्मेस्टर यांनी २००४मध्ये ते पुढे नेलं. २०२२मध्ये ते जवळपास नव्याने लिहिलं गेलं, आणि फुकट आहे. ते विंडोजशिवाय थेट चालतं, म्हणून मेमरीचा जवळजवळ सगळा भाग त्याला तपासता येतो. विंडोजमध्येही स्वतःची चाचणी असते, पण ती ठळक दोषच पकडते. मेमटेस्ट प्रत्येक कप्प्यात ठरावीक नमुना लिहितं, वाचतं, उलटा नमुना लिहितं, पुन्हा वाचतं. शेजारचे कप्पे मुद्दाम हलवून मधला ढळतो का बघतं. बराच वेळ पडदा निळा-स्वच्छ होता. अल्बमवाला घड्याळाकडे बघत होता. मग एक लाल ओळ उमटली. तिच्यात कप्प्याचा पत्ता, मग अपेक्षित: ००००००००, मिळालेलं: ०००००००२. थोड्या वेळाने दुसरी ओळ आली. पत्ता जवळचाच, पण फरक तोच, शेवटचा दोन.

इथे बहुतेक दुकानांत काम संपतं: रॅम खराब, नवी घ्या. काकांचं काम इथून सुरू झालं. लाल ओळ आली म्हणजे मेमरीच्या वाटेवर कुठेतरी चूक झाली, एवढंच सिद्ध होतं. वाट लांब असते: स्टिकवरची चिप, स्टिकचे सोनेरी संपर्क, स्लॉट, बोर्डातल्या तारा, प्रोसेसरच्या पिना आणि प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर. शिवाय वेग आणि व्होल्टेज. बायोसमध्ये एक्सएमपी चालू होतं. स्टिकवर ३२०० लिहिलेलं असतं, पण एक्सएमपी चालू केल्याशिवाय अशी बरीचशी मेमरी २१३३ किंवा २६६६वरच चालते. चालू केल्यावर १.२ ऐवजी १.३५ व्होल्टवर वरचा वेग मिळतो. गिऱ्हाइकाला वाटतं हा त्याने विकत घेतलेला हक्काचा वेग. कागदोपत्री तो ओव्हरक्लॉकच. आणि ५६००सारख्या प्रोसेसरची एएमडीने दिलेली हमी दोन स्टिक असतील तर ३२००ची आहे. चारही स्लॉट भरले की ती एका रँकच्या, म्हणजे चिपच्या एकाच गटाच्या, स्टिकना २९३३वर आणि दोन रँकच्यांना २६६७वर येते. चार स्टिक आणि ३२०० हे चालूही शकतं, चालतंही अनेकांकडे, पण कुणी तसा शब्द दिलेला नसतो.

म्हणून काकांनी आधी एक्सएमपी बंद केलं आणि चारही स्टिक पुन्हा तपासायला लावल्या. ओळी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. म्हणजे नुसता वेगाचा दोष नव्हे. मग तीन काढून एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये. तीन निर्दोष निघाल्या, चौथीत तीच ओळ. ती चौथी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, तिथेही तीच ओळ आली. आणि पहिल्या स्लॉटमध्ये घातलेली चांगली स्टिक चांगलीच राहिली. दोष स्टिकबरोबर फिरला, म्हणून स्टिक दोषी. तो स्लॉटपाशीच राहिला असता तर बोर्ड किंवा प्रोसेसरची पीन बघावी लागली असती. चारही स्टिक एकेकट्या पास झाल्या असत्या आणि एकत्र नापास, तर कंपन्यांच्या सरमिसळीवर आणि वेगावर ठपका आला असता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, यापलीकडे यात काही विद्या नाही. मात्र वेळ लागतो. एकेका फेरीला तास-तासभर, आणि नीट खात्री करायची तर रात्रभर. या वेळेचे पैसे कुणी देत नाही. फॉरमॅटला अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्याचा दर गिऱ्हाइकाला पाठ असतो. आपल्या शहरातल्या दुरुस्तीचं दुखणं कौशल्याच्या कमतरतेत नाही; निदानाला दाम नाही, यात आहे.

आता त्या शेवटच्या ‘दोन’कडे वळतो, कारण तो मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक आणि ‘ग’चा क्रमांक यांत अवघा दोनाचा फरक आहे, आणि बिटांच्या भाषेत तो फक्त एका बिटाचा आहे: नेमका त्या लाल ओळीत शून्याचा एक होऊन बसलेला बिट. ‘क’ त्या कप्प्यात योग्य जागी येऊन पडला तर बाहेर ‘ग’ म्हणून येईल. ‘काय’ची ‘गाय’ होईल, ‘कडी’चा ‘गडी’ होईल, ‘कार’ ‘गार’ होईल. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही गप्प राहील, कारण शब्द बरोबरच आहेत. अंकांचं तर याहून वाईट. ‘१’ आणि ‘९’ यांत एकाच बिटाचा फरक आहे, ‘०’ आणि ‘८’ यांतही. इंग्रजी आकड्यांतही तेच. १०० रुपयांचे ९०० व्हायला एक कप्पा एकदाच ढळला तरी पुरे. हा लेख ज्या अंकात छापला जातोय तोही कुठल्यातरी डीटीपीच्या मशीनवर जुळवला गेलाय. प्रूफवाचकाने शेवटचा हात फिरवल्यानंतर पान पीडीएफमध्ये जाताना पुन्हा रॅममधूनच जातं.

अल्बमवाल्याच्या बाबतीत झालं ते फोटोंचं. कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिस्कवर कॉपी होताना प्रत्येक बाइट रॅममधून गेला. जेपीजी फाइल एका बिटाने बिघडली तर तिथून खालचं चित्र सरकतं, रंग फिरतात किंवा अर्ध्या फोटोवर राखाडी पट्टा येतो. त्याने जुन्या फोल्डरमधले फोटो दुकानातच उघडून दाखवले: मांडवात अक्षता पडतायत, वरच्या भागात सगळं स्पष्ट, आणि नवरीच्या हनुवटीपासून खाली हिरवट रेघा. बॅकअप होता. पण बॅकअप त्याच बिघडलेल्या फाइलचा होता, आणि कार्ड पुढच्या लग्नासाठी केव्हाच रिकामं करून वापरलं गेलं होतं. मशीन अडकलं म्हणून तो दुकानात तरी आला. त्याचं मशीन अडकलं नसतं तर हे आणखी किती महिने चालू राहिलं असतं?

यावर इलाज फार जुना आहे. १९४७च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी रिलेच्या कॉम्प्युटरवर आपली गणितं लावून जायचे. त्या मशीनला चूक झाल्याचं कळायचं. कळलं की ते हातातलं गणित सोडून द्यायचं. सोमवारी येऊन बघावं तर काम झालेलंच नसायचं. चूक झाली हे मशीनला कळतं, तर ती कुठे झाली हे कळून ती दुरुस्त का होऊ नये, या चिडीतून त्यांनी चूक दुरुस्त करणारी सांकेतिक पद्धत शोधली आणि १९५०मध्ये प्रसिद्ध केली. आजची ईसीसी मेमरी त्याच तत्त्वावर चालते. दर ६४ बिटांमागे आठ बिट जास्तीचे. एक बिट ढळला तर जागच्या जागी दुरुस्त, दोन ढळले तर निदान ओरड. सर्व्हरमध्ये, बँकांमध्ये हीच मेमरी असते. तुमच्या-माझ्या मशीनमध्ये नसते. डीडीआर ५ चिपमध्ये आतल्या आत थोडी दुरुस्ती होते, पण ती चिपच्या आतल्या कप्प्यांपुरती. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती पहारा देत नाही, आणि काही दुरुस्त केलं तरी सहसा तुम्हाला सांगतही नाही.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१च्या जानेवारीत यावरून इंटेलवर जाहीर आगपाखड केली होती: ईसीसी महागड्या वर्गापुरती राखून ठेवल्यामुळे सगळ्यांचंच नुकसान झालं, असा त्यांचा आरोप. पुढच्याच वर्षी, २०२२च्या ऑक्टोबरमध्ये, खुद्द त्यांच्या कामाच्या मशीनची रॅम बिघडली आणि लिनक्सच्या नव्या आवृत्तीचं काम काही दिवस लॅपटॉपवर करावं लागलं. मला टोरवाल्ड्स यांचं म्हणणं पूर्ण पटतं. ज्याच्या कामाची दुसरी प्रत नाही, त्यालाच दुरुस्ती करणारी मेमरी नाकारणं अन्यायाचं आहे. आणि अशी माणसं सर्व्हर रूममध्ये कमी, सिडकोतल्या एका खोलीच्या स्टुडिओत जास्त आहेत.

बिट ढळण्याची सगळीच कारणं चिपच्या कारखान्यात नसतात. १९७८मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिलं की चिपच्या सिरॅमिक वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून सुटणारे अल्फा कण मेमरीतले बिट उलटवतात. पुढच्याच वर्षी झिग्लर आणि लॅनफर्ड या संशोधकांनी अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांकडे लक्ष वेधलं. हे किरण वातावरणावर आदळले की कणांचा वर्षाव होतो. त्याचं गणित होमी भाभा यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर १९३७मध्येच मांडलं होतं. पुढे भाभांनी १९४५मध्ये जी संस्था उभारली, तिच्यातच टिफ्रॅक जन्मला. उंचीबरोबर हा वर्षाव वाढतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून वर असलेल्या आपल्या शहरात तो मुंबईपेक्षा जरा जास्तच. १८ मे २००३ला बेल्जियममधल्या स्खारबेक या भागात मतदान यंत्राने एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्तीची दिली. शक्य होती त्याहून मतं जास्त झाली म्हणूनच ती चूक सापडली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एका बिटाची बरोबर किंमत. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही आणि बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला.

पण विश्वकिरणांच्या माथी खापर फोडून मोकळं होता येत नाही. २००९मध्ये गूगलच्या हजारो सर्व्हरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे ८ टक्के स्टिकमध्ये किमान एक दुरुस्त झालेली चूक आढळली, आणि साधारण एक तृतीयांश मशीनना तिची झळ लागली. ज्या स्टिकमध्ये एकदा चूक झाली तिच्यात पुन्हा होण्याची शक्यता कितीतरी जास्त. आकाशातून येणारा कण पुन्हा पुन्हा त्याच स्टिकवर पडत नाही. म्हणजे दोष बहुतांशी हाताला लागण्याजोगा, बदलता येण्याजोगा असतो.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक वेळी रॅम दोषी नसते. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरवर गेम पडायला लागले आणि पडद्यावर संदेश यायचा तो ग्राफिक कार्डची मेमरी अपुरी असल्याचा. लोकांनी कार्डं बदलली, रॅम बदलली. दोष प्रोसेसरमध्ये होता: तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होता आणि त्याने हळूहळू खराब होत होता. ऑगस्टमध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड काढला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही. पहिल्या पिढीच्या रायझनवर काही मशीन उलट रिकामी बसली की अडकायची. बायोसमधला ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ बदलला की थांबायची. ‘काम करताना छान चालतं, रात्री डाउनलोडला लावलं की सकाळी अडकलेलं’ अशी तक्रार घेऊन कुणी आला तर काका अजून हा पर्याय आधी बघतात.

आणि मग आपलं मराठवाड्याचं ऊन आणि अर्थिंग. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळिसावर असतो, पत्र्याच्या छताखालच्या खोलीत त्याहून वर, आणि भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटच्या आत किती हे हात लावून कळतं. गूगलच्या अभ्यासात तापमानाचा परिणाम नगण्य निघाला होता, पण ती वातानुकूलित डेटा सेंटरं. इथे रॅमच्या आधी एसएमपीएस आणि बोर्डावरचे कपॅसिटर थकतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या, ‘४५० वॉट’ छापलेल्या एसएमपीएसचा बारा व्होल्ट भाराखाली ११.४च्या खाली उतरला की रॅम शंभर टक्के निर्दोष असूनही मशीन अडकू शकतं. अर्थिंगचं तर काय बोलावं. काळ्या मातीचा पातळ थर आणि खाली बसाल्टचा कातळ. उन्हाळ्यात माती वाळली की खड्ड्यातल्या प्लेटचा जमिनीशी संबंध नावापुरता उरतो. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला की झिणझिण्या येतात, हे या शहरात किती जण सहज सांगतात! एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतून पत्र्याला जोडलेले असतात; अर्थ तुटलेला असला की पत्र्यावर जवळपास निम्मा दाब तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून जीव जात नाही, पण ती झिणझिणी म्हणजे अर्थिंग नाही याची थेट पावती आहे. काका गिऱ्हाइकाला मल्टिमीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघायला लावतात आणि खड्ड्यात पाणी ओतायला सांगतात.

एका सवयीबद्दल मात्र त्यांना राग येतो: खोडरबराने रॅमचे संपर्क घासणं. जुन्या मशीनवर ते कधीकधी लागू पडतं, कारण धूळ आणि थर निघून जातो, शिवाय स्टिक काढून घट्ट बसवली जाते. पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दर दोन महिन्यांनी घासलं की तांबं उघडं पडतं आणि मग खरा दोष सुरू होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरतं.

अल्बमवाल्याची स्टिक वॉरंटीत होती. बिलावर सीरियल नंबर होता म्हणून ती कुरिअरने कंपनीकडे गेली आणि बदलून आली. सीरियल नंबर नसता तर रॅमच्या आजच्या भावात त्याने काय केलं असतं कोण जाणे: २०२५च्या अखेरीपासून एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतली, भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर ‘क्रूशिअल’ हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सेकंडहँड स्टिकचा बाजार त्यामुळे जोरात आहे, आणि त्यात तपासून दिलेल्या स्टिक थोड्या.

बदलून आलेली स्टिक काकांनी आधी एकटी रात्रभर तपासली, मग चारही एकत्र, २९३३वर. लाल ओळ आली नाही. विंडोज पुन्हा टाकलं, या वेळी कारणासकट. अल्बमवाला आता कार्डावरची आणि डिस्कवरची फाइल चेकसम काढून जुळवतो आणि जुळल्याशिवाय कार्ड रिकामं करत नाही. जुन्या फोल्डरांतले फोटो तो रोज रात्री थोडे थोडे उघडून बघतोय. ज्या लग्नांचे बिघडले त्यांना फोन करून नातेवाइकांच्या मोबाइलमधले फोटो मागवतोय. पुढच्या मशीनसाठी त्याने ईसीसी स्टिकची चौकशी केली. ग्राफिक नसलेल्या रायझनवर ती चालते, बोर्ड बनवणाऱ्याने तशी जोडणी दिलेली असेल तर. शहरात कुणाकडे ठेवणीत नव्हती. एका दुकानदाराने मुंबईहून मागवून देतो म्हणून त्याचा नंबर लिहून घेतलाय.